लसूण, गाय आणि बॉवर हस्तलिखित

१/ ज्या रुग्णाला धर्मनियमाने लसूण वर्ज्य आहे, त्याला लसणीचे औषध कसे द्यावे? सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या एका हस्तलिखितात या प्रश्नाचे उत्तर आहे. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/ १८९०. अँड्र्यू डॅलग्लिश या स्कॉटिश व्यापाऱ्याच्या खुन्याच्या शोधात लेफ्टनंट हॅमिल्टन बॉवर मध्य आशियात फिरत होता. तकलामकान वाळवंटाच्या उत्तरेकडील कुचा येथे त्याने भूर्जपत्रांचे एक जुने बाड विकत घेतले.

३/ कलकत्त्यात रुडॉल्फ हर्नले यांनी ते वाचले. भाषा संस्कृत, लिपी गुप्तकालीन ब्राह्मी. एकूण सात ग्रंथ : तीन वैद्यकाचे, दोन फाशांवरून शकुन पाहण्याचे, दोन सर्पदंशावरील मंत्रांचे. हर्नले यांनी त्याचा काळ चौथे-पाचवे शतक मानला; पुढील अभ्यासकांनी तो सहाव्या शतकापर्यंत अलीकडे आणला.

४/ पहिल्याच ग्रंथाचा आरंभ लसणीपासून होतो. अग्निमांद्य, अरुची, कृशता, पांडुरता, खोकला, गुल्म अशा विकारांवर ती गुणकारी सांगितली आहे. लसूण सोलून कुटावी, रस कापडातून गाळावा आणि मद्यात मिसळून घ्यावा, असा विधीही दिला आहे.

५/ परंतु त्याच ग्रंथात लसणीची जन्मकथाही आहे. विष्णूने राहूचा शिरच्छेद केला. त्याच्या रक्ताचे थेंब भूमीवर पडले, त्यांतून लसूण उगवली. म्हणून ब्राह्मण ती खात नाहीत. औषध उत्तम, पण उगम अपवित्र!

६/ यावरील तोड अशी : गाईला तीन रात्री जवळजवळ चाऱ्याविना ठेवावे. मग दोन भाग गवत व एक भाग लसणीची पात असा चारा द्यावा. तिचे दूध, दही, तूप किंवा ताक ब्राह्मणाने घ्यावे. रोग जातो, आचारही राहतो.

७/ इतरांसाठी मात्र थंडीच्या दिवसांत लसणीचा उत्सवच सांगितला आहे : घरांच्या दारांवर, खिडक्यांवर लसणीच्या माळा आणि घरच्या माणसांच्या गळ्यातही त्याच! आषाढात चातुर्मासाचे कांदा-लसणीचे पथ्य सुरू होण्याआधी कांदेनवमी साजरी करणाऱ्या मराठी वाचकाला हे फार परके वाटू नये.

८/ दुसरा ग्रंथ ‘नावनीतक’, म्हणजे जुन्या ग्रंथांतून काढलेले लोणी. त्यात चूर्णे, औषधी तुपे, पेजा, थकल्या देहाला बळ देणारी रसायने आहेत. हिरडा, शिलाजित आणि चित्रक यांना तर स्वतंत्र प्रकरणे आहेत.

९/ प्राचीन वैद्यक म्हणजे केवळ धर्माज्ञा, असे काही जण म्हणतात. ते धर्मापासून पूर्णतः अलिप्त होते, असे इतर काही. भूर्जपत्रावरचा वैद्य या दोन्ही मतांत बसत नाही. त्याने निषेध मोडला नाही आणि औषधही सोडले नाही. रुग्ण ज्या समाजात जगतो, त्याच्या नियमांसह त्याने त्याच्यावर उपचार केले. हे हस्तलिखित आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे.