बालवीरांचे वचन आणि नियम : वाद कशावरून झाले, बदल कसे घडले

आपल्या मंडळाच्या रविवारच्या बालवर्गातील मुलांसाठी स्काऊट-गाईडचे पथक सुरू करावे, असा विचार मध्यंतरी पुढे आला. त्यासाठी पालकांची बैठक बोलावली. गणवेशाचा खर्च, मैदान आणि शिकवायला कोण येणार, यांवर चर्चा होईल अशी आमची अपेक्षा होती. प्रत्यक्षात निम्मा वेळ गेला तो वचनावर. एका तेरा वर्षांच्या मुलाने विचारले, "यात ईश्वराविषयीचे कर्तव्य करीन असे म्हणायचे आहे. आमच्या घरी देव मानत नाहीत. मग मी खोटे बोलू का?"

बैठकीत दोन तट पडले. काहींचे म्हणणे, नियम तो नियम. पटत नसेल त्याने येऊ नये. काहींचे म्हणणे, नुसते म्हणायला काय जाते, सगळेच म्हणतात. आम्हाला दोन्ही उत्तरे अपुरी वाटली. पहिल्या उत्तराने एक चांगला मुलगा दाराबाहेर राहतो. दुसऱ्याने तो आत येतो, पण पहिल्याच दिवशी पहिला नियम मोडून येतो, कारण स्काऊटचा पहिला नियमच विश्वासार्हतेचा आहे. म्हणून या विषयाची माहिती गोळा केली. ती सभासदांसाठी येथे एकत्र देत आहोत.

वचन आणि नियम म्हणजे काय

इंग्रज सेनाधिकारी रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडमधील ब्राउन्सी बेटावर मुलांचे एक शिबिर घेतले. त्यात श्रीमंत शाळांतील मुले होती, तशी कामगारांची मुलेही होती. पुढच्या वर्षी, १९०८ मध्ये, त्यांचे 'स्काऊटिंग फॉर बॉईज' हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि चळवळ देशोदेशी पसरली.

या चळवळीचा पाया दोन गोष्टींवर आहे. एक वचन, जे मुलगा किंवा मुलगी स्वतःच्या तोंडाने सर्वांसमोर देते. दुसरे नियम, ज्यांत चांगला स्काऊट कसा असतो हे सांगितलेले आहे. नियमांची भाषा 'असे करू नये' अशी नसून 'स्काऊट असा असतो' अशी आहे. मोडला म्हणून दंड भरावा असा हा कायदा नव्हे. मुलाच्या अब्रूवर सोपवलेली ही गोष्ट आहे. म्हणूनच शब्दांना येथे फार महत्त्व येते. आमच्या बँकेच्या नोकरीत आम्ही खातेदाराला सांगत असू, न वाचता सही करू नका. वचन ही मुलाच्या आयुष्यातली पहिली सही असते.

पहिला वाद : राजनिष्ठा

भारतात स्काऊटिंग १९०९ मध्ये आले. कॅप्टन टी. एच. बेकर यांनी बंगळूरला पहिले पथक काढले. पुढील एक-दोन वर्षांत जबलपूर, मद्रास, सिमला आणि आपल्या परिचयाच्या खडकी व लोणावळा येथेही पथके निघाली. ही पथके युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरती होती. 'स्काऊट सर्वांचा मित्र असतो' हा नियम पुस्तकात होता, पण भारतीय मुलाला प्रवेश नव्हता.

भारतीयांनी याला उत्तर दिले ते स्वतःची पथके उभी करून. पंडित श्रीराम बाजपेयी यांनी १९१३ मध्ये शाहजहानपूरला भारतीय मुलांचे पथक सुरू केले. मध्य प्रांतात विवियन बोस यांनी हे काम हाती घेतले. हेच बोस पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. मद्रासला डॉ. ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी १९१६ मध्ये इंडियन बॉय स्काऊट्स असोसिएशन स्थापन केली. तेथील मुलांच्या डोक्यावर साहेबी हॅटऐवजी फेटा आला. त्याच सुमारास अलाहाबादला पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि बाजपेयी यांनी सेवा समिती स्काऊट असोसिएशन उभी केली.

१९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात आले. सर्व संस्था एकत्र करण्याचा प्रयत्न झाला. बेझंटबाईंची संस्था त्यांच्याबरोबर गेली. सेवा समिती गेली नाही. अडचण होती ती वचनातील राजाची. इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहीन, असे भारतीय मुलाने का म्हणावे? देशाशी निष्ठा हवी, राजाशी नको, असा आपल्या नेत्यांचा आग्रह होता. पुढे १९३७ मध्ये बेडन-पॉवेल पुन्हा आले. भारतीयांच्या चारित्र्याविषयी त्यांनी काढलेल्या उद्गारांनी संताप उसळला. अनेकांनी त्यांची संस्था सोडली आणि १९३८ मध्ये हिंदुस्तान स्काऊट असोसिएशन उभी राहिली.

स्वातंत्र्यानंतर हा वाद मिटला. शिक्षणमंत्री मौलाना आझाद, शिक्षण खात्याचे सचिव डॉ. ताराचंद आणि त्या वेळी नागपूरला मध्य प्रांत व वऱ्हाडचे राज्यपाल असलेले मंगलदास पक्वासा यांनी त्यासाठी खटपट केली. ७ नोव्हेंबर १९५० रोजी संस्था एकत्र येऊन 'भारत स्काऊट्स अँड गाईड्स' स्थापन झाली. १५ ऑगस्ट १९५१ रोजी मुलींची गाईड संघटनाही तीत सामील झाली. वचनातून राजा गेला, देश राहिला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वचनावर आक्षेप घेणारे लोक स्काऊटिंगचे वैरी नव्हते. उलट त्यांनीच आपल्याकडे ते खेड्यापाड्यांपर्यंत नेले. पटत नसेल त्याने येऊ नये, असे तेव्हा म्हटले गेले आणि सगळे तेवढ्यावर थांबले असते, तर आज आपल्या मुलांसाठी ही चळवळ उरली नसती.

दुसरा वाद : ईश्वर

भारत स्काऊट्स अँड गाईड्सच्या वचनात ईश्वराविषयीचे आणि देशाविषयीचे कर्तव्य, इतरांना मदत आणि नियमांचे पालन एवढ्या गोष्टी येतात. मात्र या वचनाखाली एक छोटी टीप आहे, आणि ती बहुतेकांच्या वाचनात येत नाही. ज्याला हवे त्याने 'ईश्वर' या शब्दाऐवजी 'धर्म' हा शब्द घ्यावा, अशी मुभा तीत आहे. येथे धर्म म्हणजे आचरणाचा, कर्तव्याचा मार्ग असा अर्थ घेतला, तर जैन आणि बौद्ध कुटुंबांतील मुलांना आणि देव न मानणाऱ्या घरातील मुलांनाही ते वचन मनापासून देता येते.

ब्रिटनमध्ये हाच प्रश्न पुष्कळ पुढे आला. तेथे अन्य धर्मीयांसाठी वचनाचे पर्याय आधीपासून होते. २०१३ मध्ये मुलींच्या गाईड संघटनेने वचनातून देवाचा उल्लेख काढला आणि स्वतःशी प्रामाणिक राहण्याचा शब्द घातला. स्काऊट संघटनेने मूळ वचन तसेच ठेवले आणि देव न मानणाऱ्यांसाठी जानेवारी २०१४ पासून वेगळा पर्याय दिला. एकाच देशातील दोन संस्थांनी एकाच प्रश्नावर दोन वाटा धरल्या. पहिल्या वाटेवर सर्वांचे वचन एक राहते, पण श्रद्धाळू मुलीला काही गमावल्यासारखे वाटू शकते. दुसऱ्या वाटेवर प्रत्येकाचा शब्द खरा राहतो, पण वचन सर्वांचे एकच राहत नाही. आम्हाला दुसरी वाट अधिक पटते, आणि आपली 'धर्म'वाली टीपही त्याच जातीची आहे.

तिसरा वाद : आज्ञा

मूळ नियमांत आई-वडील, पथकनायक आणि स्काऊटमास्टर यांच्या आज्ञा निमूटपणे पाळाव्यात असा एक नियम होता. निष्ठेच्या नियमात राजाबरोबर वरिष्ठ आणि मालक यांचाही समावेश होता. संकटातही हसत राहावे आणि शीळ घालावी, असाही एक नियम होता. आपल्या नऊ नियमांत यांचे रूप पालटले आहे. आज्ञापालनाच्या जागी शिस्त आली आणि तिच्या जोडीला सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण आले. हसण्याच्या जागी धैर्य आले. प्राण्यांवरील प्रेमाला निसर्गप्रेमाची जोड मिळाली. काटकसर तशीच राहिली, हे पाहून आमच्यासारख्या जुन्या बँकवाल्यांना बरे वाटते.

आज्ञा आणि शिस्त यांतला फरक लहान नाही. आज्ञा दुसऱ्याची असते, शिस्त स्वतःची असते. हा फरक किती मोलाचा आहे, हे पुढील भागात दिसेल.

चौथा वाद : प्रवेश कोणाला, आणि सुरक्षितता

मुलींचा प्रश्न अगदी आरंभापासूनचा आहे. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथील मेळाव्याला काही मुली स्काऊटच्या वेशात आपण होऊन हजर झाल्या. पुढच्या वर्षी त्यांच्यासाठी गाईड संघटना निघाली आणि बेडन-पॉवेल यांच्या भगिनी ॲग्नेस यांनी तिची धुरा घेतली.

अमेरिकेत प्रवेशाचा वाद न्यायालयात गेला. जेम्स डेल हा न्यू जर्सीतील तरुण सहायक स्काऊटमास्टर होता. तो समलिंगी असल्याचे कळल्यावर १९९० मध्ये त्याला काढण्यात आले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. जून २००० मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो फिरवला. आपली मूल्ये ठरवण्याचा आणि त्यानुसार सदस्य निवडण्याचा खासगी संस्थेला हक्क आहे, असा त्याचा आशय होता. खटला संस्थेने जिंकला, पण वाद संपला नाही. २०१३ मध्ये संस्थेच्या प्रतिनिधींनी मतदान करून मुलांवरील ही बंदी उठवली आणि २०१५ मध्ये प्रौढ कार्यकर्त्यांवरील बंदीही उठली. त्यानंतर मुलींना प्रवेश मिळाला. फेब्रुवारी २०२५ पासून संस्थेच्या नावातील 'बॉय' हा शब्दही गेला.

मात्र त्याच संस्थेचे सर्वांत मोठे नुकसान या वादांमुळे झाले नाही. पूर्वीच्या काळात प्रौढ कार्यकर्त्यांकडून मुलांवर झालेल्या लैंगिक अत्याचारांचे ८० हजारांहून अधिक दावे पुढे आले. संस्थेने फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. भरपाईची योजना सुमारे २४६ कोटी डॉलरची झाली. कोण आत यावे यावर वर्षानुवर्षे भांडणाऱ्यांनी, आत आलेले मूल सुरक्षित आहे का, याकडे पुरेसे पाहिले नव्हते. निमूट आज्ञापालन शिकलेले मूल अशा वेळी तक्रार कोणाकडे करणार?

आपल्याकडे या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. न देणे हा गुन्हा आहे. संस्थेचे नाव खराब होईल, घरची गोष्ट घरात राहू द्या, ही सबब चालत नाही. आपल्यासारख्या लहान, एकमेकांना ओळखणाऱ्या समाजात ही सबब फार लवकर तोंडावर येते, म्हणून मुद्दाम लिहीत आहोत.

पालकांनी काय पाहावे

१. पथक कोणत्या संस्थेशी संलग्न आहे आणि त्याची नोंदणी चालू आहे का, हे विचारावे. मिळत्याजुळत्या नावांच्या संस्था आहेत.

२. वचन आणि नऊ नियम मुलाबरोबर घरी बसून वाचावेत. प्रत्येक शब्दाचा अर्थ त्याला त्याच्या भाषेत सांगता आला पाहिजे. खालची टीपही वाचावी.

३. शिबिरात मुलांबरोबर किमान दोन जबाबदार प्रौढ असतील का आणि मुलींच्या गटाबरोबर महिला कार्यकर्ती असेल का, हे आधी लेखी घ्यावे. कोणताही प्रौढ एखाद्या मुलाला एकट्याला घेऊन जाणार नाही, हा नियम सर्वांना सांगितलेला असावा.

४. 'शिस्त म्हणजे गप्प बसणे नव्हे' हे मुलाला घरीच सांगावे. आई-वडिलांपासून लपवायला लावणारी आज्ञा पाळायची नसते.

५. एखादा नियम पटला नाही तर तो गुपचूप मोडू नये आणि गुपचूप पाळल्याचे सोंगही आणू नये. बैठकीत विचारावे.

त्या मुलाने हेच केले होते. पुढच्या बैठकीत आम्ही त्याला ती टीप दाखवली. त्याने ती दोनदा वाचली आणि 'धर्म' या शब्दाचा अर्थ आजोबांना विचारला. आजोबा म्हणाले, "जे करायलाच हवे, ते." तो म्हणाला, "मग चालेल." त्याच्या मागे बसलेल्या मुलीने सांगितले की ती 'ईश्वर' असेच म्हणणार. त्यावर कोणाची हरकत नव्हती.

पथकाची नोंदणी अजून व्हायची आहे. इच्छुक पालकांनी आपली नावे कार्यालयात द्यावीत आणि येण्यापूर्वी वचन वाचून यावे. ज्या सभासदांनी शाळेत असताना स्काऊट किंवा गाईड म्हणून काम केले आहे, त्यांनी आपल्या आठवणी आणि या लेखातील दुरुस्त्या जरूर कळवाव्यात. चूकभूल द्यावी घ्यावी.