गोठ्याजवळच्या हत्तीघासात स्फुरद साचतंय का?

सातारा-सांगलीकडं गोठ्याला लागून हत्तीघासाचा तुकडा बहुतेकांचा असतो. शेण-मूत धुतलेलं पाणी वर्षानुवर्षे तिथंच सोडलं जातं. लांबच्या रानाला मात्र खत पोचत नाही.

यातलं नत्र बरंचसं हवेत उडतं, पाण्याबरोबर जातं. स्फुरद तसं जात नाही. काळ्या चुनखडीच्या जमिनीत ते चुन्याला धरून बसतं. एक टन शेणखतात साधारण २ ते २.५ किलो स्फुरद असतं, कोंबडी खतात त्याच्या जवळपास दहापट. म्हणजे विटा भागातलं कोंबडी खत शेणखताच्या मापानं टाकायचं नसतं!

स्फुरद जास्त झालं की पिकाला जस्त, लोह नीट मिळत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, आपण केवडा म्हणतो तो. पावसात माती वाहिली की तेच स्फुरद ओढ्यात जाऊन शेवाळ वाढवतं.

मातीचा नमुना काढताना एरवी गोठ्याजवळची जागा टाळायला सांगतात. या तुकड्याचा नमुना मात्र वेगळा द्या. पत्रिकेत उपलब्ध स्फुरद हेक्टरी २५ किलोच्या वर असेल, तर तिथं डीएपी टाकू नका. त्यात ४६ टक्के स्फुरदच असतं. नत्र कमी पडलं तर युरिया द्या, आणि शेणखत लांबच्या रानात न्या.