गर्दींतले दोन सोबती

महानगरांत गर्दी असते, पण सोबत असतेच असें नाहीं. हें सत्य कोणताहि मुलामा न देतां मांडणारा 'मिडनाइट काउबॉय' हा चित्रपट १९६९ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. जेम्स लिओ हर्लिही ह्यांची मूळ कादंबरी १९६५ ची. पटकथा वॉल्डो सॉल्ट ह्यांची. दिग्दर्शक जॉन श्लेसिंजर हे इंग्रज, तर छायालेखक ॲडम होलेंडर जन्मानें पोलिश. परक्याच्या चौकस दृष्टीनें त्यांनीं न्यूयॉर्कचे रस्ते, स्वस्त उपाहारगृहें आणि ओसाड इमारती टिपल्या.

टेक्सासमध्यें भांडीं घासणारा जो बक हा तरुण गुराख्याचा पोषाख चढवून, हातांत लहानसा रेडिओ घेऊन बसनें ह्या नगरींत येतो. धनवान् स्त्रियांना आपलें तारुण्य विकून सुखानें राहावें, असा त्याचा बेत. शहर तो पार उधळून लावतें. लंगडा व खोकल्यानें जर्जर झालेला रिझो प्रथम त्याला वीस डॉलरना फसवितो. पुढें तोच त्याला पाडावयास काढलेल्या इमारतींतील आपल्या बिऱ्हाडीं नेतो. हिंवाळा येतो, ऊब नाहीं, अन्न नाहीं. आवडता रेडिओहि पोटासाठीं हातचा जातो.

ही मैत्री सोंवळी नाहीं. आजारी रिझोला फ्लॉरिडाच्या उन्हांत नेण्याकरितां लागणारा पैसा जो एका वृद्धास मारहाण करून मिळवितो. तें कृत्य निंद्यच होय. परंतु स्वतःच्या चैनीसाठीं शहरांत आलेला हा मनुष्य दुसऱ्याच्या जिवासाठीं शहर सोडतो, हा पालटहि तितकाच खरा. वाटेंत तो गुराख्याचा पोषाख टाकून देतो. मायामी जवळ येते आणि बसमध्येंच रिझो प्राण सोडतो. जो त्याच्या खांद्याभोंवतीं हात टाकून बसून राहातो.

अमेरिकन चित्रसृष्टींत १९३४ पासून कडकपणें राबविलेली नीतिसंहिता १९६८ सालीं मोडीत निघून वर्गवारीची पद्धत आली होती. तींत हा चित्रपट 'एक्स' वर्गांत, म्हणजे अल्पवयीनांस मज्जाव असलेल्या वर्गांत, प्रकाशित झाला. तरीहि १९७० च्या एप्रिलमध्यें त्याला उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि आधारित पटकथा ह्यांचीं तीन ऑस्कर पारितोषिकें मिळालीं. विशेष हें कीं, पारितोषिक पावलेल्या सॉल्ट ह्यांना पूर्वीं राजकीय मतांमुळें काळ्या यादींत टाकून काम नाकारण्यांत आलें होतें. १९७१ सालीं एकहि दृश्य न कापतां चित्रपटाचा वर्ग सौम्य करण्यांत आला, आणि १९९४ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-सूचींत त्याची नोंद झाली.

चित्र तेंच राहिलें; पाहाणाऱ्यांची दृष्टि तेवढी निवळली. ज्या दोघांना नगरीनें हक्काचा निवारा दिला नाहीं, त्यांची कथा राष्ट्रानें आपला ठेवा म्हणून जतन केली आहे.