‘देशी’ची कुळी

देशीवाद शिकवताना आपण बहुधा व्याख्येपासून सुरुवात करतो आणि मुलांचे डोळे जड होऊ लागतात. हिंगोली जिल्ह्यातल्या डोंगरकड्याच्या मुलाला हा शब्द मुळीच परका नाही. गोठ्यात देशी गाय असते, रानात देशी वाण. नांदेड भागातला जुना देशी कापूस बाजारात ‘गावरानी’ म्हणूनच ओळखला जाई. कोरडवाहू रानात, थोड्या खर्चात तग धरणारा. संकल्पनेचा अर्धा अर्थ मुलाच्या घरातच आहे.

उरलेला अर्धा संगीतातून आला. मतंगाच्या ‘बृहद्देशी’ ग्रंथाने प्रदेशाप्रदेशांत लोक आपापल्या आवडीने गातात त्या गाण्याला देशी म्हटले. शास्त्राने बांधलेला तो मार्ग. ही जोडी पुढे काव्यविचारातही रुळली. नवव्या शतकातल्या राष्ट्रकूट दरबारातला ‘कविराजमार्ग’ हा काव्यशास्त्राचा ग्रंथ कन्नड भूमी कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगतो. म्हणजे भाषेची ही चर्चा डोंगरकड्याच्या दक्षिणेला, नांदेडच्या गोदाकाठापर्यंत येऊन पोचली होती. 1290 साली ज्ञानेश्वरांनी आपल्या मराठीला देशीच म्हटले.

मराठी समीक्षेत देशीवाद मांडणारा भालचंद्र नेमाड्यांचा ‘साहित्यातील देशीयता’ हा निबंध 1983चा. त्या काळात ते औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठात शिकवत होते. त्याआधी, 1943 साली, अमेरिकन मानवशास्त्रज्ञ राल्फ लिंटन यांनी देशीवादी चळवळींची व्याख्या केली होती: समाजाने आपल्या संस्कृतीतल्या निवडक गोष्टी जाणीवपूर्वक जपणे किंवा पुन्हा उभ्या करणे. यातल्या ‘निवडक’ या शब्दावर मी एक अख्खा तास देईन. निवडायचे कोणी? पाटलाच्या वाड्याने की गावकुसाबाहेरच्या वस्तीने? हा प्रश्न दलित साहित्याने विचारला आणि तो टाळून शिकवलेला देशीवाद अपुराच राहतो.

देशी म्हणजे कुंपण, असेही मुलांच्या मनात बसू नये. याच हिंगोली जिल्ह्यातले नर्सी हे नामदेवांचे जन्मगाव मानले जाते, आणि त्यांची 61 पदे गुरू ग्रंथ साहिबात आहेत.

शिक्षक मित्रांनो, पुढच्या जूनमध्ये हा घटक काढाल तेव्हा पहिल्या दिवशी पुस्तक मिटूनच ठेवा. घरात देशी कशाला म्हणतात, एवढेच मुलांना विचारा आणि त्यांची उत्तरे फळ्यावर लिहून घ्या.