फाईफ साहेबाचा तलाव आणि विश्वेश्वरय्यांची दारं

बंगळुरात पोस्टिंग आलं की सर एम. विश्वेश्वरय्या टाळता येत नाहीत. बैयप्पनहळ्ळीचं नवं रेल्वे टर्मिनल त्यांच्या नावाचं, कस्तुरबा रोडवरचं विज्ञान संग्रहालय त्यांच्या नावाचं, के. आर. सर्कलजवळचं जुनं इंजिनिअरिंग कॉलेजही त्यांच्याच नावाचं. मेसमधल्या कन्नडिगा सहकाऱ्यांना मी म्हणतो की तुमचे सर एमव्ही निम्मे आमचे आहेत. ते हसतात. पण हिशेब मांडून बघा. १८८३ साली ते इंजिनिअर झाले ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून, आणि पुढची वीसहून जास्त वर्षं त्यांनी नोकरी केली ती मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात. नाशिक, खानदेश, पुणे. म्हैसूरला चीफ इंजिनिअर म्हणून ते गेले १९०९ मध्ये, तोवर त्यांचं नाव झालेलं होतं. ते नाव ज्या कामांनी झालं त्यातलं एक काम खडकवासल्याचं. आज त्याबद्दल.

एनडीएतून निघालेल्या कुणालाही खडकवासल्याचं पाणी नव्याने सांगायला नको. पीकॉक बे, शिडाच्या होड्या, गार वारा आणि उस्तादांचे शेलके शब्द. पलीकडे धरणाच्या अंगाला रविवारी पुणेकरांची गर्दी, भाजलेली कणसं, कांदाभजी. ‘चौपाटी’ म्हणतात तिला. अकादमी इथे आली याचं एक कारण हा तलावच. दुसऱ्या महायुद्धात उभयचर युद्धाच्या प्रशिक्षणासाठी त्याच्या उत्तर काठावर ‘एचएमएस अँगोस्टुरा’ नावाचं खोटं जहाज उभं केलेलं होतं. सैन्य उतरवायचा सराव त्यावरून चालायचा. म्हणजे कॅडेटांच्या आधीही या पाण्यावर फौजा खेळून गेल्या होत्या. या सगळ्यात भिंतीकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही.

भिंत बांधली ती एका सॅपरने. रॉयल इंजिनिअर्सचे फाईफ. म्हणून तलावाचं जुनं नाव ‘लेक फाईफ’. १८६०च्या दशकात काम सुरू झालं आणि १८७९ला पुरं झालं. दगड आणि चुन्याची, जवळजवळ दीड किलोमीटर लांब, नदीच्या तळापासून एकतीस मीटर उंच भिंत. पुण्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या मुलखाला कालव्याने पाणी आणि शहराला व छावणीला प्यायचं पाणी, असा बेत. दगडी धरणाच्या पोटात आणि पायात शिरलेलं पाणी भिंतीला वर उचलायला बघतं, हे इंजिनिअरांना नीट उमगलं ते १८९५ साली फ्रान्समधलं बूझेचं धरण कोसळल्यावर. फाईफच्या काळात ते कागदावर नव्हतं. तरी भिंत ऐंशीहून अधिक पावसाळे टिकली. सॅपर म्हणून थोडा अभिमान वाटू द्या.

पुढे पुण्याची तहान वाढली आणि पाणी पुरेना. भिंत वाढवायची तर खर्च आणि धोका. सांडव्यावर कायमचा बांध घालायचा तर पुराचं पाणी कुठून जाणार? विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर आपोआप उघडणारी दारं बसवली, साल १९०३. दारांना वजनांचा तोल दिलेला. पाणी ठरलेल्या पातळीवर चढलं की त्याच्याच जोराने तो तोल बदलायचा आणि दारं उघडायची, पातळी उतरली की मिटायची. रात्रीच्या पावसात कंदील घेऊन कुणी चाकं फिरवायची गरज नाही. भिंत तीच, साठा मात्र जास्त. दारांचं पेटंट त्यांच्या नावावर होतं. पुढे ती ग्वाल्हेरच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही बसली.

पण या दारांचा हिशेब एका गृहीतावर उभा होता. तलावात येईल ते पाणी नदीचं असेल. मुठेला मोठ्यात मोठा पूर किती येईल ते बघायचं आणि तेवढं बाहेर सोडता आलं की झालं.

हे गृहीत किती नाजूक असतं ते विश्वेश्वरय्यांना लवकरच जवळून दिसलं. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीने हैदराबाद बुडवलं आणि पुढच्या वर्षी निजामाने त्यांना सल्ल्यासाठी बोलावलं. त्यांना आढळलं ते असं: नदीच्या वरच्या खोऱ्यात शेकडो लहान तलाव होते आणि अतिवृष्टीत त्यातले दोनशेहून जास्त फुटले होते. वरचा फुटला की त्याचं पाणी खालच्यावर, मग तोही जातो. शहरात जे शिरलं त्यात पावसाच्या जोडीला हे साठवलेलं पाणीही होतं. म्हणून त्यांनी सुचवलं की शहराच्या वर पूर अडवणारे जलाशय बांधावेत. उस्मानसागर आणि हिमायतसागर त्यातून झाले.

आता १९६१. खडकवासल्याच्या वर आंबी नदीवर पानशेतचं मातीचं धरण होत होतं. ते १९६२ मध्ये पुरं व्हायचं होतं, पण वर्षभर आधीच पाणी अडवायची घाई झाली. मातीचा भराव उभा राहिला. त्याच्या पोटातून जाणारा, पाणी सोडायचा बोगदा मात्र अपुरा होता आणि त्याच्या दाराची यंत्रणाही पुरी बसलेली नव्हती. जुलैच्या पावसाने तलाव चढत गेला. अर्धवट उघड्या दारातून पाणी धक्के देत सुटत होतं. बोगद्याच्या वरचा भराव खचायला लागला.

इथे थोडं थांबतो, कारण यात आपल्या लोकांचा भाग आहे. दगडी भिंतीवरून पाणी गेलं तर ती काही वेळ सोसते. मातीचं धरण सोसत नाही. माथ्यावरून पाण्याची एक धार गेली की ती माती कापते, चर होतो, चर रुंदावतो आणि मग कुणाच्या हातात काही राहत नाही. भराव खचत होता म्हणजे धरणाचा माथा खाली येत होता आणि पाणी वर चढत होतं. ११ जुलैच्या रात्री जवानांनी त्या माथ्यावर वाळूची पोती रचली. रात्रभर, भर पावसात, पायाखालची जमीन बसत असताना. काम साधं आहे, कुठल्याही फिल्ड कंपनीचा जवान झोपेत करील. पण ज्या भिंतीवर उभे आहोत तीच जाणार आहे हे दिसत असताना तिथे उभं राहणं साधं नाही. धरण वाचलं नाही. १२ जुलैला सकाळी सातच्या सुमारास गेलं. रात्री दोनला गेलं असतं तर नदीकाठच्या पेठा झोपेत असत्या. मृतांच्या आकड्यावर आजही एकमत नाही, पण तो आणखी किती मोठा झाला असता याचा अंदाज कुणालाही करता येईल.

पोत्यांनी मिळवलेले ते तास खाली शहरात पुरते वापरले गेले नाहीत, हे माझं मत. पाणी येतंय हे बहुतेकांना ते दिसू लागल्यावर कळलं. फौजी भाषेत सांगायचं तर पुढच्या चौकीने शत्रूला रात्रभर रोखलं आणि मागे संदेशच गेला नाही.

मधे होता फाईफचा तलाव. तो आधीच भरलेला, दारं जवळजवळ पूर्ण क्षमतेने पाणी सोडत होती. म्हणजे सांडव्याचं काम चोख चाललं होतं. त्यावर पानशेतचा साठा येऊन आदळला. दीड किलोमीटरच्या त्या सबंध भिंतीवरून २.७ मीटर उंचीचं पाणी वाहायला लागलं. भिंत थरथरताना जाणवत होती. पूर येऊन भिडल्यापासून चार तासांच्या आत ती फुटली. शनिवार, नारायण, कसबा, डेक्कन, लकडी पूल हे तर सगळ्यांना ठाऊक आहे. कमी बोललं जातं ते असं की खडकवासला गेल्यावर शहराच्या नळाचं पाणीही गेलं. पुरात बुडालेल्या गावात लोक प्यायच्या पाण्यासाठी जुन्या विहिरी शोधत होते.

त्या जुलैत विश्वेश्वरय्या हयात होते, बंगळुरातच, वय शंभरीच्या घरात. पुढच्या एप्रिलमध्ये ते गेले. अठ्ठावन्न वर्षांपूर्वी दारं बसवलेलं धरण फुटल्याचं त्यांना कुणी सांगितलं की नाही, आणि सांगितलं तर ते काय म्हणाले, हा विचार कस्तुरबा रोडवरून जाताना माझ्या मनात हमखास येतो. मुसीच्या पाहणीनंतर त्यांना नवल वाटलं नसतं.

खडकवासला परत बांधला, पानशेतही १९७२ पर्यंत नव्याने उभं राहिलं. आज वर एक नाही, तीन धरणं आहेत. पुणेकर रोज पेपरात वाचतात ते आकडे इथे एका ओळीत ठेवतो: पानशेत १०.६५ टीएमसी, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१. आणि सगळ्यांच्या खाली खडकवासला, १.९७. वर सत्तावीस, खाली दोन. त्यातलं टेमघर २०१६ मध्ये इतकं गळत होतं की कंत्राटदार आणि अधिकाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले आणि भिंतीत सिमेंट भरायचं काम काढावं लागलं. शिडाची होडी कितीही उत्तम हाकता येत असली तरी पीकॉक बेवरून हे दिसत नाही.

बंगळुरात तर ही साखळी शहराच्या पोटातच आहे. इथे मोठी नदी नाही. जुन्या लोकांनी उतारावर एकाखाली एक केरे, म्हणजे तलाव, बांधले. वरच्याचं जास्तीचं पाणी खालच्यात. २४ नोव्हेंबर २०१९ ला, रविवारी दुपारी, हुळिमावू तलावाचा बांध फुटला. पावसाने नव्हे, बांधाजवळ खोदकाम चाललेलं होतं. शेकडो घरांत पाणी शिरलं, माणसं बोटीतून काढावी लागली. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने प्रत्येक मोठ्या धरणाला आणीबाणीचा आराखडा सक्तीचा केला आहे. पण कायद्यातलं ‘धरण’ पंधरा मीटरचं, काही अटींवर दहा मीटरचं. हुळिमावूसारखा मातीचा बांध त्या मापात बसत नाही. त्याच्या खालच्या अंगाला घरं आहेत, आणि आणखी खाली पुढचा तलाव.