गाठ कुठे पडेल?

चाळीसगावहून पाटणादेवीकडे निघाले की डोंगर जवळ येऊ लागतात. त्यांच्या पायथ्याशी वसलेल्या पाटण गावी इ. स. १२०७ च्या श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या पर्वावर, एका मठाला दान देण्यात आले. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या दरबारातील ज्योतिषी चांगदेव याने हा मठ स्थापला होता. आपले आजोबा भास्कराचार्य यांचे ग्रंथ तेथे शिकवले जावेत, ही त्यामागची इच्छा. या दानाचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांच्या ११५० मधील ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहयुतीचा विचार येतो: दोन ग्रह आपापल्या गतीने चालले आहेत, त्यांची गाठ केव्हा पडेल? या प्रश्नाची मूळ रीत आर्यभटाने ४९९ मध्येच देऊन ठेवली होती. समोरासमोर येत असतील तर अंतराला गतींच्या बेरजेने भागावे, एकाच दिशेने जात असतील तर वजाबाकीने. उत्तर अचूक येते आणि त्यासाठी चित्र लागत नाही. ग्रहणाचे मात्र तसे नव्हते. स्पर्श म्हणजे ग्रहणाची सुरुवात कोणत्या बाजूने, मोक्ष म्हणजे शेवट कोणत्या बाजूने, बिंब किती झाकले जाईल, हे नुसत्या आकड्यांनी कळत नाही. त्यासाठी वर्तुळे आखून ‘परिलेख’ काढत. आकृतीवाचून ग्रहणातले बारकावे उमगत नाहीत, असे ‘सूर्यसिद्धान्त’ स्पष्टच सांगतो. गणिताने काढलेले भविष्य डोळ्यांना दाखवायची ही आपल्याकडची जुनी वाट आपण लक्षात ठेवू.

दुसरी वाट युरोपातून आली, आणि तिचीही सुरुवात आकाशातच झाली. दहाव्या-अकराव्या शतकातील एका लॅटिन हस्तलिखितात चौकड्यांच्या जाळीवर सूर्य, चंद्र आणि ग्रहांच्या वाटा वळणदार रेघांनी काढलेल्या आढळतात. आडवा काळ आणि उभे स्थान, अशी ही मांडणी. पण पुढे कित्येक शतके तिला वारस मिळाला नाही. चौदाव्या शतकात निकोल ओरेम याने बदलत्या गतीला आकृतीचे रूप दिले. १७८६ मध्ये विल्यम प्लेफेअरने इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे आकडे रेघांत उतरवले आणि व्यापाराचा चढउतार नजरेच्या एका फेरीत वाचता येऊ लागला. मग आगगाडी आली, आणि आर्यभटाच्या जुन्या प्रश्नात एकदम जीविताचा धोका शिरला. एकाच रुळावर समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांची गाठ चुकीच्या जागी पडून चालणार नव्हती.

फ्रेंच अभियंता इब्री याच्या नावावर असलेला पॅरिस–लियॉं मार्गाचा आलेख एतिएन-ज्यूल मारे याने १८७८ च्या आपल्या ग्रंथात छापला आणि तो जगभर गाजला. त्याची रीत आपण समजून घेऊ. आडव्या बाजूला दिवसाचे तास, उभ्या बाजूला एकाखाली एक स्थानके, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. रेघ जितकी उभी, तितकी गाडी वेगवान. रेघ आडवी पडली की गाडी थांबलेली. दोन रेघा जिथे छेदतात तिथे दोन गाड्या भेटतात. मार्ग एकेरी असेल, तर हा छेद स्थानकाच्या रेघेवरच पडला पाहिजे.

आपल्याकडे पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. पुढच्या दशकात जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेचे रूळ खानदेशात पोचले. १८७० मध्ये मुंबई–कलकत्ता मार्ग सलग झाला आणि भुसावळ मोठे जंक्शन बनले. मार्ग असे लांबत गेले, पण अशा आलेखाला सगळ्या स्थानकांवर एकच घड्याळ लागते. गावोगावचा सूर्य वेगळा, म्हणून रेल्वेने आधी मद्रासची वेळ धरली. १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली. त्याआधी १९०० मध्ये चाळीसगाव–धुळे फाटा सुरू झाला होता, सुमारे ५६ किलोमीटरचा. जामदा, राजमाने, शिरूड करत धुळ्याला जायचे आणि त्याच वाटेने परतायचे, अशी तिथली गाडी. तिचा दिवस आलेखावर करवतीच्या दात्यांसारखा उमटतो.

टेलिफोन आल्यावर या आलेखाचे रूपच पालटले. तोवर तो वेळापत्रक ठरवणाऱ्यांचा कागद होता; आता मार्गाच्या एका टप्प्यावरच्या गाड्या सांभाळणाऱ्या सेक्शन कंट्रोलरच्या टेबलावर तो घडीघडीला लिहिला जाऊ लागला. पाचोरा, म्हसावद, शिरसोली अशा स्थानकांवरून गाडी सुटल्याची वेळ कळायची आणि रंगीत पेन्सिलीची रेघ तेवढी पुढे सरकायची. ‘आत्ता’च्या डावीकडे घडून गेलेला इतिहास, उजवीकडे कंट्रोलरच्या मनातला बेत. एखादी मेल उशिरा आली की उजवीकडचे सारे बेत पुन्हा जुळवावे लागत. रावेर-सावद्याची केळी घेऊन उत्तरेकडे निघालेली मालगाडी लूपवर, म्हणजे स्थानकातल्या बाजूच्या रुळावर, घेतली, तर तिची रेघ आडवी होते. पण डब्यातल्या केळीचे पिकणे काही थांबत नाही. कोणाला पुढे काढायचे आणि कोणाला थांबवायचे, हा न्याय त्या कागदावर रेघांच्या भाषेत नोंदला जाई.

या शतकात रेल्वेची संगणक-प्रणाली सांभाळणाऱ्या ‘क्रिस’ संस्थेने हा आलेख संगणकावर आणला. पेन्सिली गेल्या, रेघा पडद्यावर आपोआप उमटू लागल्या. मांडणी मात्र इब्रीचीच राहिली, आणि प्रश्न आर्यभटाचा. प्रवाशाच्या हातातल्या मोबाइलवरही आता गाडी दिसते, पण ती एकटी, नकाशावर सरकणाऱ्या ठिपक्यासारखी. माहेजी स्थानकाजवळ गाडी वीस मिनिटे का खोळंबली, ते हा ठिपका सांगू शकत नाही. ते सांगायला मागून येणारी एक्सप्रेस, पुढच्या स्थानकात उभी असलेली मालगाडी आणि समोरून येणारी पॅसेंजर एकाच कागदावर दिसावी लागते. दीडशेहून अधिक वर्षे हा आलेख टिकला तो याच गुणामुळे. एका गाडीची गोष्ट सांगताना तो बाकीच्या गाड्यांना वगळत नाही.