ललिता बाबर

ललिता शिवाजी बाबर (जन्म: २ जून १९८९) या लांब पल्ल्याच्या भारतीय धावपटू आहेत. ३००० मीटर स्टीपलचेस हा त्यांचा प्रमुख क्रीडाप्रकार. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्यांनी या प्रकाराची अंतिम फेरी गाठली. पी. टी. उषा यांच्यानंतर, म्हणजे १९८४ नंतर ३२ वर्षांनी, ऑलिंपिकच्या धावमार्गावर वैयक्तिक प्रकाराच्या अंतिम फेरीत धावलेल्या त्या पहिल्याच भारतीय महिला होत. वृत्तपत्रांनी त्यांना ‘माणदेशी एक्सप्रेस’ असे नाव दिले.

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील मोही हे त्यांचे गाव. माण आणि वडूज ज्याचे मुख्य ठिकाण आहे तो शेजारचा खटाव, हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेत येतात व दुष्काळी म्हणूनच ओळखले जातात. बाबर यांचे कुटुंब शेतकरी. २००५ मध्ये पुणे येथे झालेल्या राष्ट्रीय कनिष्ठ गटाच्या स्पर्धेत त्यांना पहिले सुवर्णपदक मिळाले.

मॅरेथॉनकडून स्टीपलचेसकडे

प्रारंभी त्यांचा लौकिक मॅरेथॉनसाठी होता. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांच्या गटात त्यांनी २०१५ पर्यंत सलग तीन वेळा विजय मिळवला. २०१५ मधील त्यांची वेळ २ तास ३८ मिनिटे २१ सेकंद होती. दरम्यान २०१४ मध्ये त्या स्टीपलचेसकडे वळल्या. जम बसलेला असताना प्रकार बदलणे धाडसाचेच म्हटले पाहिजे. बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव्ह हे त्यांचे प्रशिक्षक होते.

या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. साध्या अडथळा शर्यतीतील चौकट पाय लागताच आडवी होते. स्टीपलचेसचा जड लाकडी ओंडका मात्र जागचा हलत नाही, पडतो तो धावपटूच. त्यामुळे दमसास आणि पावलांचा अंदाज या दोहोंची येथे सारखीच कसोटी लागते. महिलांसाठी ही शर्यत ऑलिंपिकमध्ये प्रथम २००८ साली झाली.

आंतरराष्ट्रीय कामगिरी

२०१४ च्या इंचॉन आशियाई क्रीडास्पर्धेत बाबर यांनी ९ मिनिटे ३५.३७ सेकंदांत कांस्यपदक मिळवले. पहिल्या आलेल्या बहारीनच्या रूथ जेबेट आधी बाद ठरल्याने बाबर यांच्या वाट्याला रौप्य आले होते. तो निर्णय फिरला आणि पदकही बदलले. पुढच्या वर्षी वुहान येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्यांनी ९ मिनिटे ३४.१३ सेकंदांत सुवर्ण जिंकले. त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत ९ मिनिटे २७.८६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून अंतिम फेरीत त्या आठव्या आल्या.

रिओ येथे १३ ऑगस्ट २०१६ रोजी प्राथमिक फेरीत त्यांनी ९ मिनिटे १९.७६ सेकंद वेळ दिली. इंचॉननंतर दोन वर्षांच्या आत त्यांनी जवळजवळ १६ सेकंद कमी केले होते. अंतिम शर्यत १५ ऑगस्टला, भारतीय वेळेनुसार सायंकाळी झाली. तीत ९ मिनिटे २२.७४ सेकंद वेळेसह त्या दहाव्या आल्या. सुवर्णपदक जेबेट यांना मिळाले, तर कांस्यपदक मिळवणाऱ्या अमेरिकेच्या एमा कोबर्न बाबर यांच्या सुमारे १५ सेकंद पुढे होत्या. अंतर मोठे होते, हे मान्य करावे लागेल. परंतु दहावा क्रमांक म्हणून या धावेची बोळवण करणाऱ्यांनी बाबर यांना हा प्रकार गांभीर्याने स्वीकारून जेमतेम अडीच वर्षे झाली होती, हे ध्यानात घ्यावयास हवे.

सन्मान व पुढील वाटचाल

२०१६ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे महाराष्ट्र शासनाने त्यांची उपजिल्हाधिकारी पदावर नियुक्ती केली. त्यांचा रिओमधील राष्ट्रीय विक्रम सात वर्षे टिकला. २०२३ च्या बुडापेस्ट जागतिक स्पर्धेत पारुल चौधरी यांनी तो ९ मिनिटे १५.३१ सेकंदांत मोडला.